अठरा बाय बाराचं पोस्टर

तीन वर्षांपूर्वी कंपनीने मला तीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलं होतं. क्लायंट एक बँक, ऑफिस कॅनरी वॉर्फला. काम नेहमीचंच. रात्रीच्या बॅचमध्ये अडकलेले व्यवहार सोडवायचे, टेस्ट लिहायच्या, सकाळी पुण्याच्या टीमशी कॉल. दुपारी मात्र तासभर मोकळा मिळायचा आणि सगळे आपापले डबे, सँडविच घेऊन पाण्याच्या कडेला बसायचे.

ते पाणी मला पहिल्या दिवसापासून विचित्र वाटत होतं. चौकोनी, पट्टीने आखल्यासारखं. मला वाटलं, बिल्डरने शोभेसाठी बांधलेला तलाव असेल. आपल्याकडे टॉवरच्या ब्रोशरमध्ये असतो तसा. टीममधला एक वयाने मोठा सहकारी हसला आणि म्हणाला, हे डॉक आहे. वेस्ट इंडिया डॉक, १८०२ सालचं. कॅरिबियनमधल्या गुलामांच्या मळ्यांवरची साखर इथे उतरायची. ज्या जमिनीवर आपण बसलोय तिथे त्याच्या लहानपणी गोद्या आणि क्रेन होत्या.

मी लालबागची. माझे आजोबा गिरणीत साचेवाले होते. जिथे भोंगा वाजायचा तिथे आता मॉल आहे, हे वाक्य आमच्या घरात इतक्या वेळा ऐकलंय की त्याचा काही परिणामच होत नाही. पण परक्या शहरात तेच वाक्य ऐकलं आणि त्या संध्याकाळी मी डॉकलँड्सबद्दल वाचायला बसले. वाचता वाचता एक फोटो सापडला. रस्त्याच्या कडेला एक भलंमोठं होर्डिंग, वर जाहिरात नाहीच. त्यावर म्हटलं होतं की मोठा पैसा इकडे येतोय. ते कोणी लावलं, कोणाच्या पैशाने, आणि ते उतरवलं कोणी, याचा शोध मी त्यानंतर बराच काळ घेत राहिले. हा लेख त्यातून आलाय.

*

आधी थोडी पार्श्वभूमी, तीही भरभर. पूर्व लंडनमध्ये थेम्सच्या दोन्ही काठांवर मैलोन्‌मैल गोद्या पसरल्या होत्या. रॉयल डॉक्सला पीअँडओच्या बोटी लागायच्या आणि त्यांवर गोव्याचे स्टुअर्ड, रत्नागिरीकडचे खलाशी असायचे, म्हणजे तो किनारा आपल्या माणसांनाही अनोळखी नव्हता. मग कंटेनर आले. कंटेनरच्या मोठ्या जहाजांना खोल पाणी आणि मोकळी जागा लागते, ती नदीच्या मुखाकडे टिलबरीला होती. ईस्ट इंडिया डॉक १९६७ला बंद झालं, सेंट कॅथरीन १९६८ला, सरे १९७०ला, वेस्ट इंडिया आणि मिलवॉल १९८०ला, आणि शेवटी १९८१मध्ये रॉयल डॉक्स. गोदी बंद पडली की गोदीवर जगणारं सगळंच बंद पडतं. हे लालबाग-परळच्या माणसाला समजावून सांगायची गरज नाही.

लोक गप्प बसून होते असंही नाही. आयल ऑफ डॉग्ज हा नदीच्या वळणात अडकलेला भाग, आत-बाहेर जायला मोजकेच पूल. १ मार्च १९७० रोजी तिथल्या रहिवाशांनी टेड जॉन्स नावाच्या स्थानिक पुढाऱ्याच्या नेतृत्वाखाली पूल अडवला आणि आपण स्वतंत्र प्रजासत्ताक असल्याचं जाहीर करून टाकलं. मागण्या काय, तर बस, शाळा, दुकानं. प्रजासत्ताक फार टिकलं नाही, पण जगभरातले पत्रकार येऊन गेले.

१९८१च्या जुलैमध्ये थॅचर सरकारने लंडन डॉकलँड्स डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन स्थापन केलं. मंत्री मायकेल हेझल्टाइन. टॉवर हॅम्लेट्स, न्यूअम आणि सदर्क या तीन बरोंमधली मिळून सुमारे २२ चौरस किलोमीटर जागा या महामंडळाच्या अखत्यारीत आली. बांधकामाला परवानगी द्यायचा अधिकार लोकांनी निवडून दिलेल्या कौन्सिलांकडून काढून सरकारने नेमलेल्या मंडळाकडे गेला. पुढच्याच वर्षी आयल ऑफ डॉग्ज एंटरप्राइझ झोन झाला. तिथे इमारत बांधणाऱ्याला दहा वर्षं स्थानिक कर माफ, बांधकामावरच्या खर्चाची आयकरात सूट आणि परवानग्यांची कटकट जवळपास नाहीच. सालही बघा. १९८२. त्याच जानेवारीत गिरणगावात अडीच लाख कामगार संपावर गेले होते. दोन्ही गोष्टींचा एकमेकींशी थेट संबंध नाही, पण जमिनीचं पुढे काय झालं ते दोन्हीकडे सारखंच दिसतं.

महामंडळाकडे जाहिरातीला भरपूर पैसा होता. ब्रोशर होती, टीव्हीवर जाहिराती होत्या. त्यांत डॉकलँड्स म्हणजे जणू रिकामी, ओसाड जागा, कोणीतरी येऊन वसवायची वाट बघत पडलेली. तिथे माणसं राहतात, त्यांच्या शाळा, पब, चर्च, भाडेकरू संघटना आहेत, हे त्या चित्रात कुठेच नव्हतं.

*

लोरेन लीसन आणि पीटर डन हे दोघे कलाकार तेव्हा पूर्व लंडनमध्येच काम करत होते. १९७०च्या दशकाच्या शेवटी बेथनल ग्रीन हॉस्पिटल वाचवायच्या मोहिमेसाठी त्यांनी पोस्टरं केली होती. त्यातूनच ईस्ट लंडन हेल्थ प्रोजेक्ट उभा राहिला. कामगार संघटनांबरोबर बसून आरोग्यसेवेतल्या कपातीवर पोस्टरं करायची आणि ती दवाखान्यांत, लोक जिथे वाट बघत बसतात तिथे लावायची. दवाखान्यात माणसाकडे वेळ असतो, समोरची भिंत तो दहा वेळा वाचतो. यूएक्सवाले ज्या गोष्टीवर आज वर्कशॉप घेतात ती त्यांनी वेटिंग रूममध्ये शिकून घेतली होती.

डॉकलँड्समध्ये काय शिजतंय हे कळल्यावर ते तिथल्या भाडेकरू संघटना आणि कृती समित्यांकडे गेले. आम्ही पोस्टरं करतो, तुम्हाला काय हवंय? लोकांनी सांगितलं की पोस्टर हवं, पण मोठं हवं. बिल्डरांच्या पाट्या जेवढ्या मोठ्या, तेवढं मोठं.

ही मागणी मला फार आवडते. दोघे कलाशाळेतून आलेले. त्यांना होर्डिंग म्हणजे जाहिरातवाल्यांचं माध्यम वाटणं साहजिक होतं. लोकांना मात्र आकाराचा अर्थ नेमका माहीत होता. एवढ्याशा कागदावरचं म्हणणं तक्रारीसारखं दिसतं.

त्यातून डॉकलँड्स कम्युनिटी पोस्टर प्रोजेक्ट सुरू झाला. नावात प्रोजेक्ट असला तरी हा खरं म्हणजे एक छोटा ग्राफिक डिझाइन स्टुडिओच. दोघांभोवती पुढे आणखी काही माणसं जमली. पैसा मुख्यतः ग्रेटर लंडन कौन्सिलकडून, म्हणजे लंडनच्या महापालिकेकडून यायचा. मे १९८१पासून तिथे केन लिव्हिंगस्टनच्या नेतृत्वाखालचा लेबर पक्ष सत्तेवर होता आणि थॅचरबाईंशी त्यांचं उघड भांडण होतं.

फलकाचा आकार १८ फूट बाय १२ फूट. म्हणजे २१६ चौरस फूट. आमच्या चाळीतली खोली १८०ची आहे, त्यात आम्ही चौघं राहतो. हा हिशेब केल्यावर मला पहिल्यांदा त्या पोस्टरचा आकार खरा कळला.

आता ते बनायचं कसं? फोटोशॉप यायला अजून जवळपास दहा वर्षं होती. आधी छोट्या आकारात कात्री आणि गोंद घेऊन फोटोंचे तुकडे जोडायचे, म्हणजे फोटोमोंताज. १९३०च्या दशकात जॉन हार्टफील्डने हिटलरविरुद्ध हेच तंत्र वापरलं होतं. मग त्या जोडकामाचा फोटो काढायचा, डार्करूममध्ये तो तुकड्यातुकड्यांनी मोठा करून फोटोपेपरवर उतरवायचा. ते कृष्णधवल, म्हणून त्यावर हाताने रंग द्यायचा. मग पॅनेलवर चिकटवायचं आणि ही पॅनेलं नेऊन रस्त्यावरच्या चौकटीत बसवायची. चौकट आपलीच उभी केलेली असल्यामुळे जाहिरात कंपनीला भाडं द्यायचा प्रश्न नव्हता. जागाही विचारपूर्वक निवडलेल्या. हायवेवर नाही. गाड्यांतून जाणारी माणसं त्यांची नव्हतीच. वस्तीजवळ, दुकानांजवळ, दवाखान्याजवळ, जिथून लोक पायी जातात.

आणि इथे माझ्यातली इंजिनीअर खूश झाली. त्यांनी पोस्टर पूर्ण बदललंच नाही कधी. एका वेळी एखादं-दोन पॅनेल बदलायचे. त्यामुळे पहिलं चित्र हळूहळू दुसऱ्यात मिसळत जायचं. सुरुवातीच्या फलकाचा प्रश्न असा की आपल्या पाठीमागे चाललंय तरी काय. तो पुढे सरकत सरकत मोठा पैसा येतोय या चित्रावर पोचला. मग त्या पैशाने इथल्या माणसांना बाहेर ढकलू नये, मग बिल्डरांनी रंगवलेल्या भ्रमाचा चक्काचूर. रोज त्याच रस्त्याने दूध आणायला जाणाऱ्या बाईला काल इथे काहीतरी वेगळं होतं एवढं जाणवणार, आणि पुढच्या आठवड्यात काय येतंय याकडे तिचं लक्ष राहणार. आम्ही सर्व्हरवर नवीन व्हर्जन असंच चढवतो. एकेक मशीन बदलत, सिस्टीम बंद न पाडता. फरक एवढाच की आमचा सगळा खटाटोप वापरणाऱ्याला बदल कळू नये यासाठी असतो.

पण तंत्राच्या प्रेमात पडून मी मुद्दा सोडतेय. खरी गोष्ट पोस्टरच्या मागे होती. स्टुडिओला एक सुकाणू समिती होती आणि तिच्यावर भाडेकरू संघटनांचे, स्थानिक गटांचे प्रतिनिधी बसत. विषय कोणता घ्यायचा, कोणता मुद्दा आधी, काय बोललं तर लोकांना पटेल, हे समितीत ठरे. ते चित्रात कसं आणायचं हे कलाकार ठरवत. लीसन यांनी पुढे अनेकदा या कामाबद्दल लिहिलंय आणि ही कामाची वाटणी त्या ठामपणे मांडतात. आम्ही लोकांना ब्रश दिला आणि काढा म्हटलं, असलं काही नाही. डिझाइन हे त्यांचं कसब, ते त्यांनी सोडलं नाही. काय म्हणायचं हा हक्क मात्र त्यांचा नव्हता.

होर्डिंगखेरीज बारीकसारीक काम तर अखंड चाललेलं. संघटनांची पत्रकं, बॅनर, प्रदर्शनं, सभांचे फोटो. १९८४मध्ये रहिवाशांनी बोटी भाड्याने घेतल्या आणि थेम्समधून थेट वेस्टमिन्स्टरला संसदेवर मोर्चा नेला. पीपल्स आर्माडा. पुढची दोन वर्षं तो पुन्हा निघाला. त्याचे नदीच्या दोन्ही काठांवरून वाचता येतील असे प्रचंड बॅनर या स्टुडिओने केले. रॉयल डॉक्सच्या धावपट्टीएवढ्या लांब धक्क्यावर विमानतळ करायचं ठरलं, तेव्हा न्यूअमच्या लोकांनी ग्रेटर लंडन कौन्सिलच्या मदतीने १९८३मध्ये स्वतःचा पर्यायी आराखडा तयार केला. विमानतळ नको, त्या जागी घरं, पाळणाघरं, गोदीचं काम. नुसता विरोध न करता कागदावर उत्तर दिलं होतं त्यांनी.

विमानतळ झालाच. १९८७ला सुरू झाला. मी त्याच विमानतळावरून एका वीकेंडला ॲमस्टरडॅमला गेले होते, हे सांगून टाकलेलं बरं.

*

सगळी लढाई ते हरले. हे स्पष्ट सांगायला हवं, कारण अशा चळवळींवरच्या लेखांत हा भाग गुळगुळीत करून सांगायची पद्धत आहे. थॅचर सरकारने ३१ मार्च १९८६ रोजी ग्रेटर लंडन कौन्सिलच बरखास्त केलं. स्टुडिओचा मुख्य आधार एका रात्रीत गेला. त्याच सुमारास कॅनरी वॉर्फचा आराखडा पुढे आला. त्याच्या एका समारंभाला बँक ऑफ इंग्लंडचे गव्हर्नर आलेले असताना स्थानिक लोकांनी मंडपात मेंढ्यांचा कळप घुसवला आणि मधमाश्या सोडल्या. त्याने बातमी झाली, बांधकाम थांबलं नाही. १९८७मध्ये ऑलिंपिया अँड यॉर्क या कॅनेडियन कंपनीने प्रकल्प घेतला. १९९१मध्ये २३५ मीटरचा टॉवर उभा राहिला आणि १९९२मध्ये ती कंपनी कोसळली. टॉवर राहिला. पोस्टर प्रोजेक्टही १९९१च्या आसपास आटोपला. लीसन आणि डन यांनी पुढे दुसऱ्या नावाने काम चालू ठेवलं.

मग त्या फलकांनी केलं काय? हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता. त्याचं उत्तर इतिहासाच्या पुस्तकात मिळालं नाही. ते मिळालं आमच्या चाळीत, आणि तेही माझी फजिती होऊन.

मी परत आले त्या वर्षी आमच्या चाळीच्या पुनर्विकासाचा प्रस्ताव आला. बिल्डरने हॉल भाड्याने घेऊन प्रेझेंटेशन दिलं. पडद्यावर टॉवर, लॉबी, पाण्याचा चौकोनी तलाव (मी खरंच हसले), आणि गुळगुळीत चेहऱ्याची माणसं. आमच्यापैकी कोणासारखंच कोणी त्यात नव्हतं. मी घरी येऊन रात्रभर बसून एक पोस्टर केलं. कार्पेट एरिया म्हणजे काय, संमतीपत्रात काय तपासायचं, भाडं थकलं तर काय करायचं. सात मुद्दे, सात आयकॉन, छान रंग. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकलं. चौतीस अंगठे आले.

रविवारी सभेत कळलं की ते कोणी वाचलेलंच नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या सुमनकाकूंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "तू चांगलं केलंयस गं, पण मला सांग, टॉवरमधे पापड कुठे वाळत घालायचे?" मला वाटलं त्या चेष्टा करतायत. त्या चेष्टा करत नव्हत्या. त्यांचा पापडांचा धंदा आहे, तीन बायकांना त्या काम देतात, आणि ते सगळं गच्चीवर चालतं. मग एकेक प्रश्न निघत गेले. मंडळाचा गणपती कुठे बसणार? मेंटेनन्स किती, आणि तो पेन्शनमधून कसा भरायचा? संक्रमण शिबिर मुंबईबाहेर मिळालं तर नववी-दहावीच्या पोरांच्या शाळेचं काय? बाबा तर म्हणाले, "लिफ्ट बंद पडली तर एकविसाव्या मजल्यावरून मयत खाली कशी आणायची, ते लिही तुझ्या पोस्टरवर."

माझ्या सात मुद्द्यांत यातलं एकही नव्हतं. मुद्दे चुकीचे नव्हते. पण ते मी माझ्या लॅपटॉपवर, एकटीने, गूगल करून ठरवले होते. काय म्हणायचं हे ठरवायचा हक्क मी परस्पर घेऊन टाकला होता.

मग लीसनबाईंचं लिखाण पुन्हा काढलं. या वेळी कात्री-गोंदाचा भाग सोडून समितीचा भाग वाचला. त्यांचा फलक रस्त्यावर लागायच्या आधी काही महिने भाडेकरूंचे प्रतिनिधी एका टेबलाभोवती बसून भांडलेले असायचे. आपल्याला नक्की कशाची भीती वाटतेय, यावर. वॉपिंगच्या माणसाला आयल ऑफ डॉग्जच्या माणसाची भीती कळायची. बिल्डर प्रत्येकाशी वेगवेगळं बोलत असताना हे एका ठिकाणी बसलेले. फलक त्या बसण्यातून यायचा आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर पुन्हा तेच बोलणं सुरू करून द्यायचा. टॉवर अडवणं त्याच्या आवाक्यात नव्हतंच. समोर ज्यांच्याकडे कायदा, करसवलत आणि सरकार होतं, त्यांच्यापुढे १८ बाय १२ म्हणजे काहीच नाही. पण डॉकलँड्स रिकामं होतं, हे वाक्य आज कोणी लिहिलं तर ते खोटं आहे हे दाखवायला त्या फलकांचे फोटो आहेत. ते फोटो नसते तर मीही तो तलाव शोभेचाच धरून चालले असते.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मंडळाचा फळा आहे. काळा, खडूचा, वर मंडळाचं नाव ऑइलपेंटने. पूर्वी त्यावर सुविचार, दहावीचे निकाल आणि श्रद्धांजल्या असायच्या, अलीकडे तो रिकामाच असतो. सभेनंतर मी मंडळाच्या पोरांना विचारलं, दर रविवारी त्यावर एक प्रश्न लिहिला तर चालेल का? ते म्हणाले, "ताई, अक्षर आमच्या बंड्याचं चांगलं आहे, तो लिहील." म्हणजे डिझाइनही माझ्या हातून गेलं. शनिवारी रात्री जिन्याखाली आठ-दहा जण जमतात, कोणता प्रश्न ते ठरतं. कधी कधी दोन तास लागतात. पहिला प्रश्न पापडांचा होता. पुढच्या रविवारी तो पुसला नाही, खाली दुसरा लिहिला.

त्या फळ्यासमोर उभं राहून बिल्डरच्या माणसाने मोबाइलवर फोटो काढला, असं बंड्याने सांगितलं. संमतीपत्रावर अजून निम्म्या सह्या बाकी आहेत. मी स्वतः सही केलेली नाही, पण बाबांनी करायची ठरवलीय. त्यांचे गुडघे गेलेत आणि त्यांना लिफ्ट हवीय. त्यावर आमच्या घरात भांडण चालू आहे. या शनिवारी जिन्याखाली कोणीतरी हाच प्रश्न काढणार, लिफ्ट कोणाकोणाला हवीय, असा. तो फळ्यावर लिहायचा की नाही, हे मला एकटीला ठरवता येणार नाही.